उपायाला कर्ता हवा

प्रश्न : बाई, मी नवी मुंबईत सीवूड्सला राहते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोबत स्पर्धा परीक्षांची तयारी करते. अभ्यासिकेच्या सराव परीक्षेत ‘माझ्या शहरातील एक समस्या आणि उपाय’ हा निबंध आला होता. मी पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यावर लिहिलं. ‘वर्णन उत्तम, उपाय वरवरचे’ असा शेरा मिळाला. निबंध सोबत जोडला आहे. नेमकं चुकलं कुठे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : निबंध दोनदा वाचला. पहिलं दीड पान झकास आहे. चपला हातात घेऊन बेलापूर स्टेशनकडे निघालेल्या आजी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. पुढे ‘उपाय’ सुरू झाले आणि मी पेन्सिल उचलली. नालेसफाई वेळेवर झाली पाहिजे. प्लास्टिकवर बंदी आणली पाहिजे. जनजागृती केली पाहिजे. अकरा ‘पाहिजे’ भरले!

आपल्या मराठीत ही एक सोय आहे. ‘गाळ काढला पाहिजे’ म्हणताना कोणी काढायचा हे सांगावंच लागत नाही. शाळेत असताना मी अशा वाक्यापुढे लाल शाईने ‘कोणी?’ एवढंच लिहायचे. मुलं वैतागायची. आणि प्लास्टिकबंदी तर राज्यात २०१८ पासून आहे, बाळ. असलेली गोष्ट मागितलीस की परीक्षकाला कळतं, हिने चौकशी केलेली नाही.

तरी त्या अकरांत एक वाक्य सोन्यासारखं आहे आणि तू ते एका ओळीत उडवलंस : ‘खाडीकाठच्या धारण तलावांतील गाळ काढला पाहिजे.’ अगं, तुझा निबंध इथे आहे. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून हे शहर उभं राहिलं. काही भाग आजही उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून हे तलाव. भरती आली की तोंडावरच्या झडपा मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही आणि शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जातं. तलाव गाळाने भरला तर थांबायला जागाच नाही, मग पाणी रस्त्यावर.

मग काढत का नाहीत? हा प्रश्न तू स्वतःला विचारलाच नाहीस. तलावांत खारफुटी वाढली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीही ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. पोकलेन उतरवला आणि झालं, असं ते काम नाही. शिवाय खारफुटी काही शत्रू नव्हे, किनारा तीच धरून ठेवते. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या. इथे तुला भूमिका घ्यायची आहे. नमुना देते, उतरवून मात्र काढू नकोस :

‘ज्या भागात खारफुटी नाही तेथील गाळ महापालिकेने पावसाळ्यापूर्वी काढावा आणि झडपांची दुरुस्ती करावी. जेथे खारफुटी आहे तेथे न्यायालयाची परवानगी मागावी व ती मिळेपर्यंत पंपांनी पाणी खाडीत सोडावे.’

बघ, कर्ता आला, वेळ आली, अडचणीची वाट आली. लगेच खाली विरोधी मुद्दा तूच मांड. पंपाला खर्च आहे आणि ऐन पावसात वीज गेली तर काय? त्याचं उत्तरही दे : जनरेटर, किंवा जे सुचेल ते. उत्तर अर्धवट असलं तर तसं कबूल कर. परीक्षकाची हरकत तो पेन उचलायच्या आत कागदावर आलेली असली की तो तुझ्या बाजूला झुकतो.

अकरातले नऊ उपाय काढून टाक. आजींना दोन ओळी पुरेत (मला वाईट वाटतंय, पण पुरेत). आणि औपचारिक निबंधात ‘तुंबलेलं पाणी’ नको, ‘तुंबलेले पाणी’. मी इथे बोलल्यासारखं लिहिते, ती सवलत सदराला आहे.

पुन्हा लिहायच्या आधी एकदा तलावावर जाऊन ये. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. ओहोटी लागल्यावर तासाभराने पोहोच आणि झडपेतून पाणी बाहेर पडतंय का, गाळ कुठवर आलाय, ते वहीत टिपून घे. छत्री ने, तिथे आडोसा नसतो.