गुंगीचे पैसे कशाचे?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन ८ वर आलंय म्हणून डॉक्टरांनी जठराची आणि मोठ्या आतड्याची, अशा दोन्ही दुर्बीण तपासण्या सांगितल्यात. एका हॉस्पिटलने भूलतज्ज्ञांचे ४,५०० रुपये वेगळे सांगितले. दुसरीकडे म्हणाले, ‘गुंगीचं इंजेक्शन आम्हीच देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.’ आई म्हणते, गुंगी नकोच, मी उठलेच नाही तर? काय करावं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझ्याच धंद्याची बाजू घेते असं वाटलं तर ते गृहीत धरून वाचा.

नुसती जठराची तपासणी असती, तर घशात बधिर करणारा स्प्रे मारून गुंगीशिवाय करा, असं मी सांगितलं असतं. पाच-दहा मिनिटांचं काम. उमासे येतात, पण पुष्कळ लोक ते निभावून नेतात आणि उठून रिक्षाने घरी जातात. मोठ्या आतड्याचं तसं नाही. अर्धा तास लागू शकतो, हवा भरल्यावर पोटात कळा येतात, आणि पेशंट कळवळू लागला की तपासणी अर्धवट राहण्याची भीती. आईंचं रक्त कुठे जातंय ते शोधायचंय, तेव्हा ती पूर्ण व्हायलाच हवी. इथे गुंगी घ्या. दोन्ही तपासण्या एकाच वेळी होतील, म्हणजे हे पैसेही एकदाच पडायला हवेत. तेवढं आधी विचारून घ्या.

दुसऱ्या हॉस्पिटलला लगेच वाईट ठरवू नका. ‘आम्हीच देतो’ म्हणजे बहुधा मिडाझोलॅम. हलकी गुंगी येते, हाक मारली की पेशंट ओ देतो, आणि डोस जास्त झालाच तर त्यावर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हे औषध आहे. मिडाझोलॅम तपासणी करणारे डॉक्टरच देतात आणि प्रशिक्षित नर्स लक्ष ठेवते, यात गैर काही नाही. पण प्रोपोफॉल देणार असतील, तर गोष्ट वेगळी. दुधासारखं पांढरं औषध, मिनिटाच्या आत झोप लागते, बंद केलं की थोड्याच वेळात जाग येते. म्हणूनच ते मलाही आवडतं. मात्र त्याला उतारा नाही. डोस जरा वर गेला की श्वास मंदावतो, कधी थांबतो. मग मास्क लावून श्वास देणारं माणूस शेजारीच लागतं. दुर्बीण हातात धरलेल्या डॉक्टरांची नजर स्क्रीनवर असते, त्यांनी हे दुसरं काम करू नये. मायकेल जॅक्सन २००९ मध्ये गेला तो याच औषधाने, पण घरच्या बेडरूममध्ये, आवश्यक मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ नसताना.

प्रोपोफॉलची किंमत सरकारने बांधून दिली आहे. एवढ्या तपासणीपुरतं ते काहीशे रुपयांत येतं. उरलेले पैसे त्या लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे. तेव्हा दोन्हीकडे विचारा : औषध कोणतं, आणि तेव्हा फक्त आईंच्या श्वासाकडे कोण बघणार? उत्तर देताना कुणी चाचपडलं, तर तिथे फुकटही नको.

‘उठलेच नाही तर’ ही भीती आईंनी भूलतज्ज्ञांना प्रत्यक्ष सांगावी. त्या रात्री घोरतात का, घोरताना श्वास अडकतो का, हे तुम्ही सांगा. मला त्यात त्यांच्या वयापेक्षा जास्त रस असतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, पण डॉक्टरांना विचारूनच. सकाळचा चहा नाही. ‘दोनच घोट घेतला’ म्हणणारे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात. दूध घातलेला चहा म्हणजे आमच्या हिशेबी जेवणच, सहा तास थांबावं लागतं.

मेडिक्लेम असेल तर आधी लेखी विचारा. नुसत्या तपासणीसाठीचा क्लेम अनेकदा नाकारतात.

घरचं कुणीतरी सोबत हवंच, आणि गुंगी दिल्यानंतर त्या दिवशी आईंची कुठल्या कागदावर सही घेऊ नका. नंतर डॉक्टर काय सापडलं ते सांगतील, ते तुम्हीच ऐका आणि लिहून घ्या. आई मान डोलावतील, प्रश्नही विचारतील, पण मिडाझोलॅम दिलं असेल तर संध्याकाळी त्यातलं त्यांना बहुधा काहीच आठवणार नाही.