नकाशे तर गूगलवर आहेत, मग तू काय करणार?

प्रश्न : मी कळव्याला राहते. ठाण्याच्या कॉलेजात भूगोल घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे करून त्यांचा अभ्यास करण्याचा, एक पेपर आहे, तो मला मनापासून आवडतो आणि पुढे तेच शिकायचंय. बाबा म्हणतात, नकाशे सगळे गूगलवर आहेत, आता तू काय काढणार? एका क्लासचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, नोकरीची हमी देतात, पण फी भरमसाट आहे. तो करू की एमएस्सी? बारावीला मला गणित नव्हतं.
– एक वाचक, कळवा

उत्तर : क्लासचं आधी उरकते. फी भरू नकोस. हमीची नोकरी म्हणजे बहुतेक वेळा डिजिटायझिंग. उपग्रहाच्या चित्रावरून घरं आणि रस्ते माउसने गिरवायचे, रोजचा कोटा पुरा करायचा. महापेला मीही ते केलंय. रात्रपाळीत अमेरिकेतल्या कुणाकुणाच्या जमिनींच्या हद्दी गिरवल्या आहेत. त्यानं नजर तयार होते, हे खरं. पण ते काम कंपनी स्वतःच शिकवते, आणि आता त्यातलं बरंचसं यंत्रं करू लागली आहेत. तुला सॉफ्टवेअरच शिकायचं असेल तर क्यूजीआयएस फुकट आहे, आजच उतरवून घे. देहरादूनची इस्रोची संस्था, आयआयआरएस, ऑनलाइन कोर्स चालवते, तेही विनाशुल्क.

आता मुद्द्याचं. घराच्या गच्चीवरून तुला पारसिकचा डोंगर दिसत असेल. त्याच्या उताराचा नकाशा कर. २००० साली अकरा दिवसांच्या एका अंतराळयान मोहिमेत रडारनं जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली, ती एसआरटीएमची माहिती फुकट मिळते. बटण दाबलंस की पाच मिनिटांत उताराचा रंगीत नकाशा तयार. मग तो घेऊन डोंगरावरच्या वस्तीत चढ. नकाशात जिथे सौम्य उतार आहे तिथे घरामागे सरळ कापलेली दरड उभी दिसेल. कारण त्या माहितीचा एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर. चाळीची अख्खी रांग एका आकड्यात बसते. शिवाय २००० नंतर जे कापलं, जे बांधलं, ते त्यात नाहीच. दरड कोसळण्याच्या धोक्याचा नकाशा म्हणून कुणी हाच कागद पालिकेत नेऊन दिला तर? कुठल्या माहितीवर कशासाठी विसंबायचं, हे ज्या कॉलेजात शिकवतात तिथे जा. बाकी सॉफ्टवेअरचे मेन्यू कुठेही पाठ होतात.

खाडीचंही तेच. सेंटिनेल-२ या उपग्रहांचं चित्र साधारण पाच दिवसांनी मिळतं, आणि ते नेहमी सकाळी साधारण त्याच वेळेचं असतं. भरती मात्र रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. त्यामुळे एका चित्रात भरती, दुसऱ्यात ओहोटी. ती दोन शेजारी ठेवून ‘ऐरोलीजवळ खाडी आटली’ असं सिद्ध करणारे प्रकल्प मी तपासलेत! भरतीचं कोष्टक कुणी उघडलेलंच नसतं. ऐरोलीच्या कुठल्याही कोळ्याला विचारलं असतं तरी भागलं असतं.

गणिताची धास्ती घेऊ नकोस, पण ते टाळूही नकोस. दहावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक बाहेर काढ आणि संख्याशास्त्र नीट शिक. संगणकानं ज्याला कांदळवन म्हटलं त्यातलं खरं कांदळवन किती, हे सांगायला तेच लागतं. थोडं पायथॉनही हवं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा. प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याचा, धडा तर कंटाळा आला तरी सोडू नकोस. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात ठाणे ४३ उत्तर विभागात येतं. अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच क्षेत्रफळ काढायला गेलीस तर उत्तर ना एकरात येईल ना गुंठ्यात.

गुंठ्यावरून बाबांकडे येते. त्यांना विचार, गावच्या जमिनीची गटाची हद्द गूगलवर दिसते का? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ फुटी साखळीचा चौरस. त्या साखळीनं मोजून काढलेले गावनकाशे आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवणं हे सबंध राज्यातलं किचकट काम आहे. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ पासून भारतीय कंपन्यांना नकाशे करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं, जलवाहिन्या, मालमत्ता कर, सगळ्यांना नकाशा लागतो आणि तो गूगल देत नाही.

तेव्हा एमएस्सीच कर. पात्रतेचे नियम मात्र प्रत्येक ठिकाणचे वेगळे, बीएवाल्यांना कुठे घेतात ते माहितीपत्रकात स्वतः वाच. माहितीपत्रकातल्या प्रयोगशाळेच्या फोटोंवर जाऊ नकोस. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचार, प्रकल्पासाठी जागेवर कोण कोण गेलं होतं आणि जीपीएस यंत्र हातात किती वेळ मिळालं. उत्तर देताना ते एकमेकांकडे बघू लागले तर दुसरं कॉलेज बघ. वाचलेल्या फीतून लॅपटॉप घे, रॅम १६ जीबी असू दे.