शाळेत वाचनाची गोडी लावणाऱ्या मुख्याध्यापकांचा सत्कार करायचाय, निवड कशी करावी?

पहिलं म्हणजे अर्ज मागवू नका. अर्ज मागवले की फाइल येते, आणि फाइल कशी तयार होते ते मला विचारा. मी कोल्हापुरात एका अनुदानित शाळेत सव्वीस वर्षं क्लार्क होतो आणि असली एक फाइल माझ्याच हातची आहे.

तुम्ही लिहिलंय की दहावीच्या बॅचला तीस वर्षं झाली, वर्गणी जमलीय, जिल्ह्यातल्या तीन मुख्याध्यापकांचा सत्कार करायचाय, निकष काय ठेवू आणि शाल-श्रीफळाशिवाय काय देऊ. निकषाचं नंतर बघू, आधी फाइलीचं ऐका.

२०१७ साल. तेव्हाच्या हेडसरांना एका पुरस्काराला प्रस्ताव पाठवायचा होता. १५ ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन असतो, २०१५ पासून आपल्याकडे करतात, तर त्याचं निमित्त करून कपाटं उघडली, फोटोग्राफर बोलावला, सहावी अ ला झाडाखाली बसवून एक फोटो, मग तीच पोरं स्वेटर घालून वर्गात, ते झालं हिवाळी वाचन शिबिर. हाताला येईल ते पुस्तक वाटलेलं, एका पोराच्या हातात दुग्धव्यवसाय मार्गदर्शिका होती, आता कोल्हापूरला ते शोभतंय म्हणा. साडेचारला पुस्तकं मोजून आत, कुलूप, किल्ली माझ्या ड्रॉवरला. चौसष्ट पानांची फाइल, स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक कव्हर. पुरस्कार मिळाला. हाराच्या फोटोत मागच्या रांगेत मी पण आहे.

हे सर काय वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या आधी दोन हेड सोडून ज्या मोठ्या बाई होत्या, त्यांना कुणी काही दिलं नाही, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

बाई २००२ ला हेड झाल्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "भाऊ, ही तीन कपाटं तुमच्या पाठीमागं का?" मी म्हटलं, सुरक्षित राहतात. ग्रंथपालाचं पद आमच्याकडे नव्हतं, चार्ज मराठीच्या एका सरांकडं, आणि सर कपाट उघडायचे नाहीत कारण पुस्तक गेलं तर आपल्या पगारातून कापतील ही भीती. ती भीती खोटी नव्हती हे पुढं कळेलच. बाईंनी कपाटं उचलून जिन्याखाली नेली, कुलपं काढली, सुतळीनं एक वही आणि पेन्सिल बांधली. पोरांनी स्वतःच नाव लिहायचं, पुस्तक न्यायचं, आणलं की स्वतःच खोडायचं. सातवी-आठवीची चार पोरं पाळीनं बघायची. माझा जीव वर-खाली. एकदा गंगावेशीकडचा एक पोरगा, घरी म्हशी, पुस्तक परत घेऊन आला तर पानं फुगलेली, कोपऱ्याला दुधाचा पिवळा डाग, वास सुटलेला. मी दंडाची पावती काढायला लागलो. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "धारेला बसून वाचलंय वाटतं. कितव्या पानापर्यंत आलास रे?" आणि पुस्तक तसंच कपाटात. पावती राहिली.

२००६ ला बाई रिटायर व्हायच्या वेळी संस्थेनं पडताळणी लावली. ती मी केली. दाखल रजिस्टर मांडीवर घेऊन दोन दिवस जिन्याखाली बसलो, एकेक नंबर बघितला, नसेल त्याला लाल टिक. आकडा ११९ निघाला. त्यातली दोन माझ्याच घरात होती, पोरगी आमच्याच शाळेत पाचवीला, तिच्या उशाखाली. डब्याच्या पिशवीतून आणून गुपचूप ठेवली आणि यादीत ११७ लिहिलं. बाईंना पत्र गेलं की ही रक्कम आपल्याकडून का वसूल करू नये. बाईंनी भांडण केलं नाही, निरोप समारंभाच्या दिवशी शाल घेतली, नारळ घेतला, ऑफिसात आल्या, पर्समधून पैसे मोजून दिले. ती पावती मात्र फाडली. मीच.

आमची ही प्राथमिक शिक्षिका होती, गेली वीस वर्षं आमच्या घरात हा एकच वाद. ती म्हणते, "घरातली दोन कमी करता आली तुम्हाला, बाकीची नाही?" मी म्हणतो, दप्तर खोटं कसं लिहू? आणि ती दोन परत आणली होती, खोटं कुठं लिहिलं? मग ती भांडी जोरात ठेवते.

रिटायर झाल्यावर एकदा केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम चाळत होतो (हो, आम्ही क्लार्क लोक असलंच वाचतो). त्यात २१५ नंबरच्या नियमात ग्रंथालयाचं दिलंय. हजार पुस्तकं देवघेवीत किंवा वाचनात गेली तर वर्षाला त्यामागे पाच गहाळ होणं वाजवी धरायचं, लबाडी किंवा हलगर्जी नसली म्हणजे झालं. नियम केंद्राच्या कचेऱ्यांचा, आमच्या संस्थेला लागू नव्हता, माहितीय मला. पण मी हिशोब केला. बाईंच्या वहीत वर्षाला आठ हजारांच्या आसपास नोंदी होत्या, चार वर्षांच्या बत्तीस हजार. हजारी पाच म्हणजे १६०. बाईंची हरवली ११७.

हिला दाखवलं. म्हणाली, तेव्हा शोधायचं होतं. मान्य. यादी केली ती चूक नव्हती, हे मी अजून म्हणतो. चूक ही की ११७ च्या शेजारी ३२,००० लिहिलं नाही. वही जिन्याखालीच लटकत होती, मला कुणी मागितली नाही आणि मी दिली नाही.

तेव्हा तुमचा निकष हाच. न सांगता शाळेत जा, देवघेवीची वही मागा आणि गहाळ-फाटक्या पुस्तकांची यादी मागा, दोन्ही शेजारी ठेवून बघा. "आमच्याकडं एक पण पुस्तक हरवलं नाही" असं जो हेड अभिमानानं सांगेल त्याला नमस्कार करून बाहेर पडा. मग पाचवीतल्या कुठल्याही पोराला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या, हेडनं निवडलेल्या पोराला नको. सरकारी शाळा असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयाला वर्षाला शाळेच्या टप्प्याप्रमाणे ५ हजार ते २० हजार अनुदान असतं, त्यातून आलेली पुस्तकं कुणी निवडली तेवढं विचारा. आणि कुलूप बघा. शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ ला आपल्या कोल्हापूर संस्थानानं केला, आणि आमच्या शाळांत पुस्तकाला कुलूप. लाज वाटली पाहिजे. मला पण.

आता एक-दोन गोष्टी राहिल्या. पुस्तक हरवलं म्हणजे वाचलंच असं नाही, काही रद्दीत पण जातात. आणि झेडपीची दोन शिक्षकांची शाळा असेल तर तिथला हेड स्वतः वर्ग घेतो, पोषण आहाराचा हिशोब लिहितो, त्याच्याकडं वही अपुरी असली तर लगेच नापास करू नका, पोरांशी बोला. पुरस्कारवाले सगळेच फोटोवाले असतात, असं पण नाही.

काय द्यायचं? शाल नको, घरात ढीग असतात. शाळेच्या नावानं चेक द्या आणि सोबत पत्र, की ही रक्कम हरवलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांच्या बदली आहे, कुणाकडून वसूल करू नये. पत्राची पोच घ्या, आवक नंबर टाकून घ्या, नाहीतर ते पत्रपण हरवेल.

निवड समितीत एखादा रिटायर क्लार्क घ्या. मी सकाळी दहानंतर रिकामाच असतो. चष्मा आणि बॅटरी घेऊन येतो, खालच्या कप्प्यात उजेड नसतो.