कार्ड आहे, मग परत रांग कशाला?

प्रश्न: आम्ही टेक्सासला असतो. मुलगा ६ वर्षांचा, जन्म इथलाच, ऑटिझम आहे. चिपचं, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड आहे त्यामुळे डॉक्टरचं भागतं, पण घरी मदतीला माणूस हवा म्हटलं की वेव्हरच्या, म्हणजे अपंगांना घरीच मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या, यादीत नाव घाला म्हणतात आणि ती यादी म्हणे दहा-दहा वर्षं हलत नाही. मग नाव घालून काय फायदा? आणि सरकारकडे एका गोष्टीला पैसे आहेत, दुसरीला नाहीत, हे कसं काय? – एक आई

उत्तर: ताई, आधी नाव घाला, बाकीचं मग वाचा. तिथे नंबर नाव घातल्याच्या तारखेवर लागतो, त्यामुळे विचार करत बसलात तर तेवढे मागेच जाणार.

आता पैशाचं. चिप १९९७ ला आलं आणि त्यात खर्चाचा निदान ६५ टक्के वाटा अमेरिकेचं केंद्र सरकार उचलतं, मेडिकेडमध्ये, म्हणजे गरीब आणि अपंगांच्या सरकारी आरोग्य विम्यात, हाच किमान वाटा ५० टक्के, म्हणून चिप चालवणं राज्याला स्वस्त पडतं आणि त्याला सहसा कोणी हात लावत नाही. वेव्हरचं तसं नाही. १९८१ च्या कायद्याने राज्यांना ती मुभा दिली, सक्ती नाही, त्यामुळे किती जागा ठेवायच्या हे राज्यच ठरवतं. त्यात टेक्सासची विधानसभा भरते एक वर्षाआड, फक्त विषम वर्षी, १४० दिवस, आणि तिथे दोन वर्षांचं बजेट ठरतं, त्यात जागांना पैसे निघाले तर यादी सरकते, नाहीतर बसा. मला विचाराल तर हा अन्यायच आहे, पण तो तुमच्या फॉर्मवर सुटणारा नाही, आमदाराला गाठावं लागतं.

एचसीएस आणि क्लास असे टेक्सासचे दोन वेव्हर आहेत, दोन्ही याद्यांत नाव घाला. तिथे आईबापांचा पगार बघत नाहीत, मुलाचंच उत्पन्न बघतात.

आणि एक गोष्ट लोक सांगतच नाहीत. टेक्सासचं चिप मेडिकेडपेक्षा वेगळं आहे. मेडिकेडमध्ये २१ वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीय गरजेची थेरपी द्यावीच लागते, तसा केंद्राचा कायदाच आहे, चिपला तो लागू नाही. तेव्हा अपंग मुलांसाठीचं मेडिकेड बाय-इन बघा, दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न चालतं, दरमहा थोडा हप्ता पडू शकतो. अपंगत्वाचे कागद मात्र कडक तपासतात, म्हणून डॉक्टरांकडून नुसतं निदान लिहून आणू नका, मुलाला रोजचं काय जमत नाही ते सविस्तर लिहून घ्या, जेवण, आंघोळ, झोप, सगळं.

घर बदललं, फोन बदलला की दोन्ही याद्यांवर लगेच कळवा, नंबर आला आणि तुम्ही सापडला नाहीत तर नाव कापतात.