‘स्प्रिंग ब्रेकर्स’मध्ये तेच तेच संवाद पुन्हा का ऐकू येतात?

ती संकलनातली चूक नाही, मुद्दाम केलेलं आहे. हार्मनी कोरीनचा हा २०१२ चा चित्रपट गोष्ट सरळ सांगतच नाही. एखादं गाणं डोक्यात घोळत राहावं तशी वाक्यं परत येतात, आणि दर वेळी त्यांचा अर्थ थोडा बदललेला असतो.

गोष्ट सुट्टीला फ्लोरिडाला गेलेल्या चार कॉलेजच्या मुलींची. त्यांच्यातली फेथ आजीला फोनवर सांगते की इथे फार पवित्र वाटतं, आणि पडद्यावर दारूचा धिंगाणा चाललेला असतो. आजीला ऐकवलेलं आणि खरं घडतंय ते, दोन्ही एकदमच आपल्यासमोर येतं.

माझ्या मते सगळ्यात भारी प्रसंग खाण्याचं हॉटेल लुटण्याचा. सुट्टीला फ्लोरिडाला जायला पैसे नाहीत म्हणून दोघी जणी पाण्याचं खेळण्यातलं पिस्तूल आणि हातोडा घेऊन आत शिरतात. कॅमेरा मात्र बाहेरच, तिसरीने चालवलेल्या गाडीत. गाडी हॉटेलला हळूहळू वळसा घालते, आणि खिडक्यांमधून आतली आरडाओरड तुटक तुटक दिसते. लांबून तो खेळच वाटतो. पुढे मुली तीच लूट करून दाखवतात तेव्हा आतली दहशत कळते, आणि पोटात गोळा येतो. पुनरावृत्तीचं खरं काम इथे दिसतं.

मुलींना तिथे भेटणारा ‘एलियन’ नावाचा गुंड जेम्स फ्रँकोने केलाय, आणि तो जबरदस्त आहे. बेन्वा देबीचं निऑन रंगातलं छायाचित्रणही मोठ्या पडद्यासाठीच केलेलं.

नग्नता, ड्रग्ज भरपूर आहेत, त्यामुळे घरच्यांसोबत बघू नका. एकटे बघा, हेडफोन लावून. बंदुकीचा खटका ओढल्याचा आवाज दृश्यं बदलताना किती वेळा येतो ते नीट ऐका.