आरहूसमधल्या चार खुर्च्या, एक साइडबोर्ड आणि पुण्यातला फ्लॅट

प्रश्न: आम्ही दोघं डेन्मार्कमध्ये आरहूसला नोकरी करतो. शेजारच्या आजी वारल्या आणि त्यांची मुलं आता घर रिकामं करत आहेत. हान्स वेग्नर या डॅनिश फर्निचर डिझायनरच्या चार गोल खुर्च्या 60,000 क्रोनरला आणि शिसवी लाकडाचा ‘व्होडर’चा साइडबोर्ड 30,000 क्रोनरला द्यायला ते तयार आहेत. खुर्च्या मूळच्या योहानेस हान्सन यांच्या कारखान्यातल्या आहेत, असं ते म्हणतात. साइडबोर्डच्या मागे एक गोल शिक्का आहे. आमची बचत 2,30,000 क्रोनर आणि महिन्याचा खर्च 28,000. चार वर्षांनी पुण्यात परतून फ्लॅट घ्यायचा आहे. बँकेत पैसे नुसते पडून आहेत. त्यापेक्षा या वस्तूंत गुंतवावेत का?

उत्तर: साइडबोर्ड आत्ता घेऊ नका. खुर्च्या आवडल्या असतील तर दोन घ्या, पण त्या उलट्या करून बघितल्यावरच, आणि रोज बसायला म्हणून. फ्लॅटच्या पैशाला हात लावू नका.

आधी खुर्च्यांबद्दल, कारण त्यांच्यात खरंच दम असू शकतो. वेग्नर यांनी ही गोल खुर्ची 1949 मध्ये केली. 1960 मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरच्या वादसभेत ती दिसली आणि अमेरिकेत तिचं नाव झालं. जुन्या बाजारात तिची किंमत आराखडा कोणाचा यावर जेवढी ठरते, तेवढीच ती कोणत्या कारागिराच्या हातून बनली यावरही ठरते. सुरुवातीपासून ती कोपनहेगनचे योहानेस हान्सन बनवत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते काम आलेरोडच्या पीपी मोबलर या कारखान्याकडे गेलं. तिथे ती आजही नवी बनते. दोन्ही अस्सलच, पण संग्राहक जादा पैसे मोजतो तो योहानेस हान्सन यांच्या शिक्क्यासाठी. फिन यूल या दुसऱ्या डॅनिश डिझायनरच्या फर्निचरचंही असंच आहे. कारागीर नील्स व्होडर यांच्या हातची खुर्ची आणि फ्रान्स अँड सन कारखान्यात निघालेली खुर्ची यांचा आराखडा एकाच माणसाचा असला, तरी बाजार त्यांना एका रांगेत बसवत नाही.

म्हणून खुर्ची उलटी करा, चांगला टॉर्च घ्या आणि बैठकीच्या चौकटीची आतली बाजू बघा. योहानेस हान्सन, कोपनहेगन, डेन्मार्क ही अक्षरं लाकडात तापल्या लोखंडाने डागलेली असायला हवीत. डागलेलं अक्षर लाकडात थोडं खोल बसतं, कडा करपलेल्या असतात आणि भोवतालच्या लाकडावर बाकीच्या चौकटीसारखाच जुनेपणा दिसतो. फक्त शिक्क्याभोवतीच लाकूड घासून उजळ केलेलं दिसलं, तर थांबा. मग हात आणि पाठ जिथे जुळतात तो सांधा बघा. पहिल्या खुर्च्यांवर हा सांधा वेताने गुंडाळून झाकत. पुढच्याच वर्षी वेग्नर यांनी तो उघडा ठेवला, करवतीच्या दातांसारखा एकमेकांत शिरलेला. मला या खुर्चीतला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो. दात टोकदार आणि एकसारखे असावेत, फटीत लुकण भरलेलं नसावं. चारही खुर्च्या एकेक करून तपासा. जुन्या संचात एखादी खुर्ची मागाहून आलेली असते आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

शिक्का नसला म्हणजे खुर्ची नकलीच, असं नाही. पॉलिश करताना शिक्के घासले जातात, बैठक बदलताना कागदी लेबलं निघून जातात. पण शिक्का नसलेल्या खुर्चीला शिक्क्याची किंमत मोजू नका. इलुम्स बोलिहूससारख्या दुकानाचं लेबल सापडलं, तर खुर्ची तिथून विकली गेली इतकंच त्यातून कळतं.

आता साइडबोर्ड. तुमच्या वर्णनावरून तो गोल शिक्का ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’चा असावा. हा दर्जा तपासणीचा शिक्का आहे. माल डेन्मार्कचा आणि तपासणीतून गेलेला, एवढं तो सांगतो. आराखडा कोणाचा, कारखाना कोणता, याबद्दल त्यात काही नसतं. आणि नुसतं ‘व्होडर’ म्हणून भागत नाही. नील्स व्होडर कोपनहेगनचे कारागीर होते. आर्ने व्होडर हे आराखडे करणारे, त्यांचे नावाजलेले साइडबोर्ड सिबास्त या कारखान्याने काढले. विकणाऱ्याने पूर्ण नाव, कारखाना आणि मॉडेल क्रमांक सांगितला आणि तो जुन्या कॅटलॉगशी जुळला, तरच 30,000 वर बोलणं सुरू करावं.

त्याहून मोठी अडचण लाकडाची आहे. त्या काळातलं डॅनिश ‘पालिसांडर’, म्हणजे शिसवी लाकूड, बहुतेकदा ब्राझीलच्या शिसवीचं असे. आपल्याकडच्या शिसवीची ती जवळची नातेवाईक, पण कायद्याने दोघींची प्रतवारी वेगळी आहे. ब्राझीलची जात 1992 पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे. युरोपीय संघात तिची वस्तू विकायची तर त्या वस्तूचं प्रमाणपत्र लागतं. 1947 पूर्वीच्या कामाला सूट आहे, पण तुमचा साइडबोर्ड त्यात बसण्याची शक्यता नाही. म्हणजे लाकूड ब्राझीलचं असेल, तर प्रमाणपत्राशिवाय ते लोक तुम्हाला तो विकू शकत नाहीत, पुढे तुम्हीही विकू शकणार नाही, आणि पुण्याला न्यायचं ठरलं की परवानग्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जी वस्तू कायद्याने विकता येत नाही तिला गुंतवणूक म्हणता येत नाही.

आता हिशोब. समजा तुम्ही 90,000 क्रोनर दिले आणि ती आजच्या बाजाराचीच किंमत आहे. चार वर्षांनी लिलावात विकताना लिलावघराने तुमच्याकडून 20 टक्के आणि घेणाऱ्याकडून वर 25 टक्के घेतले, तर तुमच्या हातात नुसते 90,000 परत यायला बोली 1,12,500 वर जावी लागेल आणि घेणाऱ्याला 1,40,625 मोजावे लागतील. म्हणजे भाव दर वर्षी जवळजवळ 12 टक्क्यांनी वाढला, तर तुम्ही ना नफा ना तोटा. वाहतूक, विमा, चामड्याची दुरुस्ती यात धरलेलीच नाही.

कराचंही ध्यानात घ्या. घरातली वापरातली वस्तू विकून झालेला नफा डेन्मार्कमध्ये सहसा करमुक्त असतो, पण नफ्यासाठी विकायच्या हेतूने घेतलेल्या वस्तूला 1922 च्या राज्य कर कायद्याने ही सूट नाही. तुमच्या पत्रात ‘गुंतवावेत का’ हेच शब्द आहेत.

सहा महिन्यांचा खर्च 1,68,000 होतो. तुम्ही दोघंही परदेशात आहात आणि नोकरी गेली तर राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न येऊ शकतो, म्हणून मी सहा महिन्यांवरून खाली येणार नाही. उरले 62,000. त्यातून दोन खुर्च्यांचे 30,000 दिलेत तर धक्का बसणार नाही. बाकीचे 32,000 आणि पुढची दरमहाची बचत फ्लॅटची. चार वर्षांच्या मुदतीचा पैसा शेअरमध्येही नको, तो मुदत ठेवीतच ठेवा. एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) ठेवीचा विचार असेल तर एक गोष्ट बरेच जण विसरतात: ते व्याज भारतात करमुक्त असलं, तरी डेन्मार्कचे रहिवासी म्हणून तिथल्या विवरणात दाखवावं लागतं.

आजींच्या मुलांशी बोलताना आधी स्किफ्तेरेत्तेन, म्हणजे वारसा प्रकरणं बघणाऱ्या न्यायालयाचं प्रमाणपत्र बघायला मागा. वस्तू विकायचा अधिकार कोणाचा ते त्यावर कळतं. आजींच्या कागदांत खुर्च्यांचं जुनं बिल असेल तर तेही मागून घ्या. शिक्क्याइतकाच त्या बिलाला भाव आहे. विक्रीची पावती लेखी हवी, तीत ‘योहानेस हान्सन, वेग्नर’ असा स्पष्ट उल्लेख आणि शिक्क्याचे फोटो असू द्या. मग घरातल्या सामानाच्या विम्यात त्या दोन खुर्च्या नोंदवा. साइडबोर्डचं प्रमाणपत्र त्यांनी आणलं आणि कारखान्याचं नाव पक्कं झालं तर मला पुन्हा लिहा, तेव्हाची तुमची शिल्लक बघून ठरवू.