निकालाच्या फ्लेक्सवर जाऊ नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वडोदऱ्यातल्या खाजगी शाळेची मुख्याध्यापिका झालीस, छान झालं. दांडिया बाजारात पेढे वाटून झाले असतील, आता कामाचं बोलते.

ट्रस्टी तुला आधी दहावीच्या निकालाचा फ्लेक्स दाखवतील. त्यात घरचं वळण आणि संध्याकाळचं ट्यूशन किती, हे कोणी सांगत नाही. नववीतल्या कच्च्या मुलांच्या हातात एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) ठेवून शंभर टक्के आणणाऱ्या शाळाही असतात. तू एवढंच बघ, सहावीतली किती मुलं दहावीपर्यंत टिकली आणि त्यातली कच्ची किती वर आली. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांचा हिशेब वेगळा काढ, पण त्यांना वेगळ्या तुकडीत बसवू नकोस. वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्येच अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं होतं, निदान त्याची तरी लाज राखू या.

मुख्याध्यापक मुलांपर्यंत पोचतो तो शिक्षकांमार्फत. न्यूझीलंडच्या विवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले. मुख्याध्यापक शिक्षकांबरोबर स्वतः शिकायला बसतो, तिथे मुलांच्या शिकण्यावरचा परिणाम सर्वांत मोठा दिसला.

म्हणून वह्या मागव. सातवीच्या एखाद्या वहीत १/२ + १/३ = २/५ असं लिहिलेलं सापडेल आणि शेजारी लाल पेनाची बरोबरची खूण. लगेच बाईंना बोलावून झापू नकोस. त्यांच्याकडे किती तुकड्यांच्या वह्या आहेत, वार्षिकोत्सवाचा नाच कोण बसवतंय, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना फोन कोण करतंय, ते आधी विचार. ही कामं वाटणारी तूच आहेस. गणिताच्या सगळ्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र मोकळा दे, ती वही मधे ठेव आणि मूल वरच्यात वरचा, खालच्यात खालचा आकडा का मिळवतं यावर बोला. तूही बस, मात्र साहेबी थाटात नको. २०२०च्या शिक्षण धोरणाने शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. हॉटेलातल्या सेमिनारपेक्षा (जेवण चांगलं असतं, कबूल) ते असं सत्कारणी लागेल.

पगारावरून ट्रस्टींशी वाजेलच. चांगले शिक्षक थोड्या पैशांसाठी शेजारच्या शाळेत जातात आणि वर्षाच्या मधेच वर्ग पोरका होतो. फी गुजरातच्या २०१७च्या फी-नियंत्रण कायद्याने बांधलेली आहे, हे उत्तर ठरलेलं. तेव्हा गेल्या तीन वर्षांत कोण, कधी सोडून गेलं आणि त्यांच्या वर्गांचे गुण पुढे काय झाले, तो कागद बजेटच्या बैठकीआधी तयार ठेव.

तुझी,
बाई